गळ्यांतील गांठ

गेल्या भाद्रपदांतील गोष्ट. गौरींचें जेवण होऊन पंगती उठल्या होत्या, भांडीं घासून पालथीं पडलीं होतीं, आणि घरांतील बायका माजघरांत घटकाभर टेंकल्या होत्या. आमच्या धाकट्या बंधूंच्या पत्नीनें तांब्या उचलला व नेहमींच्या संवयीप्रमाणें मान मागें टाकून ती वरून पाणी पिऊं लागली. समोर तिची थोरली जाऊ, म्हणजे आमचें कुटुंब, बसलें होतें. घोट गिळतांना गळ्याच्या उजव्या अंगास, कंठमण्याच्या जरा खालीं, बोराएवढा एक उंचवटा वर सरकला, आणि घोट उतरतांच पुन्हां जागच्या जागीं आला.

“हें काय ग गळ्याशीं?”

“कांहीं नाहीं, वहिनी. ज्येष्ठापासून आहे. दुखत नाहीं, खुपत नाहीं.”

ज्येष्ठ ते भाद्रपद म्हणजे तीन महिने. ज्या घरांत बारा माणसें एका छपराखालीं नांदतात व एकाच्या कपाळावरची आठी चौघांना दिसते, त्या घरांत ही गोष्ट तीन महिने लपून राहिली. कां लपली, तें तिनें रात्रीं उशिरां सांगितलें. तिच्या मुलीचें लग्न सांगलीकडील एका घरीं बोलण्यांत होतें. मुलीच्या आईच्या गळ्यांत गांठ आहे, कसली कोण जाणे, असें त्या मंडळींच्या कानीं गेलें तर? म्हणून गळ्याभोंवतीं पदर ओढून घेणें सुरू झालें होतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं घरांत दोन पक्ष झाले. आमच्या मातोश्रींचें म्हणणें असें कीं, गळ्याला गांठी येतच असतात, आंबेहळदीचा लेप लावावा, महिन्यांत जिरेल. पुण्यास नोकरीस असलेला पुतण्या मोबाईलवरून बोलला तो उलट टोंकाचें: उद्यांच्या उद्यां इकडे आणा, शस्त्रक्रिया करून टाकूं, विषाची परीक्षा कशाला? दोघेहि प्रेमानेंच बोलत होते. परंतु एकाचा सल्ला ऐकिला असता तर कदाचित् वर्ष वायां गेलें असतें, आणि दुसऱ्याचा ऐकिला असता तर कदाचित् शरीरांतील एक उपयुक्त अवयव विनाकारण गेला असता. या दोहोंच्या मधून जाणारी एक सरळ, क्रमवार वाट आहे. ती आम्हांस डॉक्टरांनीं दाखविली व पुढें मीं वाचून पडताळून पाहिली. मी वैद्य नव्हे, मास्तर आहें. म्हणून औषध सांगत नाहीं, क्रम तेवढा सांगतों.

प्रथम, ही गांठ असते कशांत तें पाहूं. गळ्याच्या पुढील भागीं, कंठमण्याच्या खालीं, श्वासनलिकेस दोन्ही बाजूंनीं कवटाळून बसलेली, पंख पसरलेल्या फुलपांखराच्या आकाराची एक ग्रंथि असते. तिचें वजन तोळा-दोन तोळे. इंग्रज वैद्य थॉमस व्हॉर्टन यानें १६५६ मध्यें तिला ढालीच्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नांव दिलें, तेंच हल्लीं सर्वांच्या तोंडीं असलेलें ‘थायरॉईड’. आमच्या वाईस ज्याचें संपादन होतें त्या मराठी विश्वकोशानें तिला ‘अवटु ग्रंथि’ म्हटलें आहे. संस्कृत शिकलेल्या वाचकास येथें किंचित् अडखळल्यासारखें होईल. कारण अमरकोशांत ‘अवटु’ हा शब्द मानेच्या मागील भागास दिलेला आहे, आणि ही ग्रंथि तर पुढें. परंतु शब्द रूढ झाला आहे. आपणहि तोच वापरूं.

ही ग्रंथि अन्नांतील आयोडीन घेऊन त्यापासून एक रस तयार करते व रक्तांत सोडते. शरीराचा अग्नि किती वेगानें जळावा, हृदय किती जलद चालावें, थंडी-ऊन किती सोसावें, हें त्या रसावर ठरतें. ग्रंथि बसलेली असते श्वासनलिकेस चिकटून, आणि गिळतांना ती नलिका वर उचलली जाते. म्हणून अवटूंतील गांठ घोटाबरोबर वर-खालीं होते. डॉक्टर रोग्यास पाणी प्यावयास देऊन मानेकडे पाहतात तें याचसाठीं. आमच्या घरीं ती परीक्षा तांब्यानें आपोआप झाली.

आपल्या पूर्वजांनाहि गळ्याच्या गांठींचा चांगला परिचय होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत ग्रंथि, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा एकाच अध्यायांत, पण वेगवेगळा, विचार केला आहे. त्या विभागणींत एक मोठें शहाणपण आहे: दिसण्यांत सारख्या वाटणाऱ्या सर्व गांठी एक नव्हेत, आधीं भेद करावा, मग उपचार. आजचें शास्त्र सुईनें व ध्वनिलहरींनीं जें करतें तेंहि शेवटीं भेद करणेंच होय.

आतां पहिली भीति. अवटूंतील गांठ म्हटली कीं माणसाच्या मनांत कर्करोग हा एकच शब्द उभा राहतो. वस्तुस्थिति अशी कीं, ज्या प्रदेशांत आयोडीन पुरेसें मिळतें तेथेंहि शंभर स्त्रियांपैकीं सुमारें पांच जणींना व शंभर पुरुषांपैकीं एकाला हातास लागणारी गांठ असते. सोनोग्राफीनें शोधूं गेल्यास प्रमाण किती तरी वाढतें; उतारवयांतील स्त्रियांत तर निम्म्याअधिक जणींच्या अवटूंत लहानमोठी गांठ दिसते. या सर्वांपैकीं कर्करोगाच्या निघतात त्या शंभरांत दहाच्या आसपास. उरलेल्या नव्वद निरुपद्रवी. आणि कर्करोग निघाला तरी त्यांतील बहुतांश ज्या प्रकारचा असतो, तो सावकाश वाढणारा व उपचारास चांगला वश होणारा असतो. म्हणजे घाबरून रात्र जागून काढण्याजोगें यांत फारसें नाहीं. पण न तपासतां सोडून देण्याजोगेंहि नाहीं, कारण नव्वदांतली कोणती व दहांतली कोणती, हें बोटांनीं चाचपून कोणालाच कळत नाहीं.

कांहीं लक्षणें मात्र अशीं आहेत कीं तीं दिसल्यास आठवडाहि दवडूं नये. गांठ डोळ्यांदेखत भराभर वाढत असेल. दगडासारखी कठीण असून जागची हालत नसेल. आवाज घोगरा होऊन तसाच राहिला असेल. घांस गिळण्यास किंवा श्वास घेण्यास अडचण पडत असेल. मानेच्या बाजूस आणखी गांठी लागत असतील. लहानपणीं कांहीं कारणानें मानेवर किरणोपचार झाले असतील. रक्ताच्या नात्यांत कोणास अवटूचा कर्करोग झाला असेल. किंवा गांठ अगदीं कोवळ्या वयाच्या मुलामुलीस आलेली असेल, तर लगेच डॉक्टर गांठावा. आणि निजल्यावर श्वास कोंडूं लागला, घरघर लागली, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालयांत न्यावें.

अशी निकड नसेल तर क्रम असा. पहिली पायरी रक्ताची, तिला टी. एस. एच. म्हणतात. मेंदूच्या तळाशीं पियूषिका नांवाची वाटाण्याएवढी ग्रंथि आहे; ती अवटूला काम करण्याची आज्ञापत्रें पाठविते. अवटु आळसावली कीं पत्रें वाढतात, अवटु अति करूं लागली कीं पत्रें थांबतात. टी. एस. एच. म्हणजे त्या पत्रांचें मोजमाप. म्हणून आंकडा वाढला तर काम मंद, आणि उतरला तर काम अति, असें उलट वाचावयाचें असतें. तो फार उतरलेला असल्यास किरणोत्सारी पदार्थाची किंचित् मात्रा देऊन ग्रंथीचें चित्र घेतात. गांठच जर सर्व काम ओढून करीत असेल तर ती कर्करोगाची असण्याचा संभव फारच थोडा, आणि तिचे उपचारहि निराळे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. टी. एस. एच. ठीक आला कीं घरोघर म्हणतात, “चला, थायरॉईड चांगला निघाला,” आणि कागद कपाटांत जातो. परंतु ती परीक्षा ग्रंथीच्या कामाची आहे, गांठीच्या जातीची नव्हे. वर्गांत मुलाची हजेरी पुरी भरली म्हणून तो उत्तीर्ण झाला असें होत नाहीं, तसेंच हें. आमच्या भावजयीचा आंकडा अगदीं ठीक होता. तरी पुढची पायरी चढावीच लागली.

दुसरी पायरी सोनोग्राफीची. हींत किरण नाहींत, ध्वनीच्या लहरी आहेत. दुखत नाहीं, व गर्भारपणांतहि चालते. ही आम्ही साताऱ्यास करून घेतली. गांठ पाण्यानें भरलेली आहे कीं भरीव, भरीव असल्यास काळसर दिसते काय, कडा गुळगुळीत आहेत कीं दंतुर, रुंदीपेक्षां उंची जास्त आहे काय, आंत चुन्याचे बारीक कण चमकतात काय, आणि मानेंतील इतर गांठी कशा आहेत, इतक्या गोष्टी त्या अहवालांत लिहिलेल्या असाव्या. यांवरून गांठीस संशयाचे गुण देण्याची एक पद्धत अमेरिकेंतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१७ मध्यें घालून दिली. तिच्या पांच श्रेणी हल्लीं आपल्याकडील अहवालांतहि दिसतात. श्रेणी जितकी वरची तितका संशय अधिक.

तिसरी पायरी सुईची. पण ती प्रत्येकास चढावी लागत नाहीं. केवळ पाण्यानें भरलेल्या गांठीस निदानासाठीं सुई लागत नाहीं. संशय बळकट असेल तर सुमारें एक सेंटिमीटरपासून, मध्यम असेल तर दीडपासून, आणि सौम्य असेल तर दोन-अडीच सेंटिमीटरपासून पुढें सुई घालावी, असा साधारण दंडक आहे. त्याहून लहान गांठीवर ठराविक मुदतीनें नजर ठेवितात. दुसऱ्याच कारणानें छातीचें वा मानेचें छायाचित्र काढतांना जी गांठ अवचित दिसते, तिलाहि हाच नियम. मात्र कर्करोगाच्या शोधासाठीं सर्व शरीराचें जें पेट स्कॅन काढितात, त्यांत अवटूंतील गांठ चमकली असल्यास ती उपेक्षूं नये. तशा गांठींत कर्करोगाचें प्रमाण बरेंच अधिक असतें.

सुईची भीति बायकांत फार. “सुई लावली कीं गांठ चवताळते, पसरते,” हें वाक्य आमच्याहि घरीं बोललें गेलें. या गांठींच्या बाबतींत तसें होणें इतकें विरळा आहे कीं, त्या भीतीनें परीक्षा टाळणें हें शहाणपणाचें नव्हे. रक्त काढण्याच्या सुईपेक्षांहि बहुधा बारीक अशी सुई सोनोग्राफींत पाहत-पाहत गांठींत घालून कांहीं पेशी ओढून घेतात व कांचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. काम थोड्या मिनिटांचें. त्याच दिवशीं घरीं येतां येतें. रक्त पातळ करण्याचें औषध चालू असल्यास तें मात्र आधीं सांगावें. आपल्याच मनानें बंद करूं नये.

भावजयीची सुई पुण्यास झाली. चार दिवसांनीं रात्रीं दहाच्या सुमारास अहवाल पुतण्याच्या मोबाईलवर आला व त्यानें तो जसाच्या तसा घरांतील सर्वांस पाठविला. त्यांतील एकच इंग्रजी शब्द सर्वांनीं वाचला: असमाधानकारक. त्या रात्रीं आमच्या घरीं कोणाचा डोळ्यास डोळा लागला नाहीं. भावजय उठून देवघरांत बसली. मुलगी तिच्या पाठीशीं बसली. बंधु अंगणांत येरझारा घालीत होते. मीहि, साऱ्या जन्मभर मुलांना व्याकरण शिकवून, त्या एका विशेषणानें हादरलों होतों.

सकाळीं डॉक्टरांस विचारलें तेव्हां ते शांतपणें म्हणाले, “मास्तर, असमाधानकारक आहे तो नमुना, रोग नव्हे. कांचेवर पुरेशा पेशी आल्या नाहींत. कांहीं आठवड्यांनीं पुन्हां घेऊं.” माझी मलाच लाज वाटली. विशेषण कोणत्या विशेष्याचें, हें पाहिल्याखेरीज अर्थ लावूं नये, हें मीं किती वर्गांना बजावलें असेल! असे अपुरे नमुने कांहीं थोड्या वेळां येतातच, आणि दुसऱ्या वेळीं बहुधा काम होतें. वाचकांस एवढेंच सांगणें आहे कीं, असले अहवाल रात्रीं दहा वाजतां घरांत वाटूं नयेत. ते डॉक्टरांसमोर बसून, एका माणसानें वही-पेन्सिल घेऊन, समजून घ्यावे.

ही भाषा निश्चित करण्यासाठीं २००७ मध्यें अमेरिकेंतील बेथेस्डा या गांवीं तज्ज्ञांची एक परिषद भरली होती. तेथून निघालेली सहा वर्गांची पद्धत आज जगभर चालते, व तिची तिसरी आवृत्ति २०२३ मध्यें निघाली. पहिला वर्ग नमुना अपुरा असल्याचा. दुसरा निरुपद्रवी गांठीचा. तींत कर्करोग लपलेला असण्याचा संभव शंभरांत सुमारें ४. तिसरा पेशींत थोडें वेगळेपण, पण निश्चित कांहीं नाहीं असा. शंभरांत सुमारें २२. चौथ्या वर्गांत सुमारें ३०. या जातीचा निवाडा सुईच्या पेशींवरून पुरा करतां येत नाहीं, कारण गांठीच्या वेष्टनाच्या बाहेर पेशी गेल्या आहेत काय तें पाहावें लागतें, व त्यासाठीं ग्रंथीचा तो अर्धा भाग काढून तपासावा लागतो. पांचवा दाट संशयाचा, सुमारें ७४; आणि सहावा कर्करोगाचा, सुमारें ९७. तिसऱ्या वर्गांत बहुधा सुई पुन्हां घालतात. कांहीं ठिकाणीं पेशींतील जनुकांची परीक्षाहि करतात, पण ती महाग आहे. तात्पर्य, अहवाल हातीं आल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा: “डॉक्टरसाहेब, वर्ग कितवा?”

दुसरा वर्ग निघाला तर काय करावें? कांहीं करूं नये, हेंच त्याचें उत्तर. पण तें न करणेंहि नियमानें करावें. गांठ लहान करण्यासाठीं गोळ्या घेऊं नयेत. पूर्वीं त्या पुष्कळ देत असत, हल्लीं ती रीत मागें पडली आहे, कारण लाभ थोडा व हृदयास आणि हाडांस उपद्रव होण्याचा संभव. सोनोग्राफींत जितका संशय होता त्या मानानें बारा ते चोवीस महिन्यांनीं पुन्हां पाहावें. गांठ एवढी वाढली कीं गिळतांना, श्वास घेतांना अडथळा होतो, तर मात्र निरुपद्रवी असूनहि ती काढावी लागते.

कर्करोग निघाला, तर शस्त्रक्रिया. तेथेंहि दोन-तीन प्रश्न विचारण्याचा संकोच नसावा. अर्धी ग्रंथि काढणें पुरेसें आहे कीं सबंध काढावी लागेल? लहान व एका बाजूस असलेल्या गांठीस पुष्कळदां अर्धी पुरते. शस्त्रवैद्य वर्षाकाठीं अशा किती शस्त्रक्रिया करतात? हें विचारणें उद्धटपणाचें नव्हे. कारण ग्रंथीच्या पाठीशीं आवाजाची नस जाते, व तिला लागूनच तांदळाच्या दाण्यांएवढ्या चार ग्रंथि असतात, ज्यांवर रक्तांतील कॅल्शियम अवलंबून असतें. सरावलेला हात तेथें फार महत्त्वाचा. सबंध ग्रंथि काढल्यास जन्मभर रोज एक गोळी. सकाळीं अनशेपोटीं पाण्याबरोबर घ्यावयाची, व चहा त्यानंतर अर्ध्या तासानें, शक्य तर तासानें.

त्या साध्या गोळीमागें केवढा इतिहास आहे! स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शस्त्रवैद्य थिओडोर कोखर हे गलगंडाच्या शस्त्रक्रियेंत अद्वितीय. पूर्वीं या शस्त्रक्रियेंत रोगी रक्तस्रावानें मरत. कोखरांच्या हातीं ते वांचूं लागले. परंतु सबंध ग्रंथि काढलेले रोगी कांहीं काळानें सुजट, मंद व जड झाले आहेत, असें त्यांस आढळलें, आणि १८८३ मध्यें त्यांनीं तें स्वतःच प्रसिद्ध केलें. आपल्याच यशांतील उणीव जगापुढें मांडणें सोपें नाहीं. ग्रंथीचें काम काय, हें जगास कळण्यास त्या कबुलीचा मोठा उपयोग झाला. १८९१ मध्यें इंग्लंडांत जॉर्ज मरे यांनीं मेंढीच्या अवटूचा अर्क टोंचून अशा एका स्त्रीस बरें केलें. ती पुढें अठ्ठावीस वर्षें जगली. कोखर यांस १९०९ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

कर्करोगाच्या कांहीं रोग्यांस शस्त्रक्रियेनंतर किरणोत्सारी आयोडीन देतात, आणि या बाबतींत महाराष्ट्रास फार दूर जावें लागत नाहीं. अवटूच्या पेशी आयोडीन शोषून घेतात. म्हणून किरणोत्सारी आयोडीन पोटांत गेलें कीं तें नेमकें तेथेंच जाऊन उरलेल्या पेशी जाळतें. अवटूच्या अति कामावर हा उपाय प्रथम १९४१ मध्यें बॉस्टन येथें सॉल हर्ट्झ यांनीं केला. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत मुंबईस परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. पुढें तुर्भ्यास अणुभट्ट्या उभ्या राहिल्या, व १९६३ मध्यें अणुशक्ति खात्यानें परळलाच किरणोत्सारी वैद्यकाचें केंद्र स्थापिलें. आज तें भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अधिकारांत, टाटा रुग्णालयाच्याच सान्निध्यांत चालतें, आणि अवटूच्या रोग्यांवरील उपचार हें त्याचें एक मुख्य काम आहे. या आयोडीनचें तेज दर आठ दिवसांनीं निम्मे होतें. म्हणून रोग्यास कांहीं दिवस वेगळें ठेवितात. घरीं आल्यावरहि लहान मुलें व गर्भवती स्त्रिया यांपासून सांगितले तितके दिवस दूर राहावें लागतें. सोवळें-ओंवळें पाळलेल्या घरांस हें जड जाऊं नये. मात्र येथें कारण शुद्धाशुद्धतेचें नसून किरणांचें आहे, व मुदत संपली कीं तें संपतें. गर्भवतीस हें औषध कदापि देत नाहींत, आणि तें घेतल्यावर निदान सहा महिने गर्भधारणा टाळावी लागते.

एवढें वाचून कित्येकांच्या मनांत येईल कीं, उद्यांच घरांतील सर्वांच्या गळ्याची सोनोग्राफी करून घ्यावी. तेंहि नको. दक्षिण कोरियांत इतर तपासण्यांबरोबर गळ्याचीहि तपासणी सरसकट होऊं लागली, तेव्हां १९९३ च्या मानानें २०११ मध्यें तेथें अवटूच्या कर्करोगाची नोंद पंधरा पट झाली. पण त्या रोगानें मरणाऱ्यांची संख्या होती तेवढीच राहिली. याचा अर्थ, जन्मभर न कळतां पडून राहिल्या असत्या अशा बारीक गांठी शोधून हजारों लोकांच्या ग्रंथि काढल्या गेल्या. उलट जपानांत कोबे येथील कुमा रुग्णालयांत १९९३ पासून, एक सेंटिमीटरपर्यंतचा व जागचा न हललेला कर्करोग असलेल्या रोग्यांना शस्त्रक्रियेऐवजीं नियमित देखरेखीखालीं राहण्याचा मार्ग देण्यांत आला, आणि बहुतेकांची गांठ वर्षानुवर्षें वाढलीच नाहीं. म्हणून नियम असा: गांठ हातास लागली, डोळ्यांस दिसली, वा दुसऱ्या तपासणींत आढळली, तर पुढें जावें, कांहीं नसतां उगाच शोधूं नये.

घरांत करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. मीठ आयोडीनयुक्तच असावें. प्रौढ माणसास दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतें, गर्भवतीस २५०. उपासाचें सैंधव उपासापुरतें ठीक. “शुद्ध” म्हणून बारा महिने तेंच वापरूं नये, कारण त्यांतून पुरेसें आयोडीन मिळेल याचा भरंवसा नाहीं. मिठाची बरणी चुलीच्या धगीपासून दूर, झांकण लावून ठेवावी. पण आलेली गांठ आयोडीननें विरघळत नाहीं; त्याच्या जादा गोळ्या मनानें घेऊं नयेत. कोबी-फुलकोबी शिजवून, नेहमींच्या प्रमाणांत खाण्यास हरकत नाहीं. लेप लावावयाचाच असेल तर मातोश्रींच्या समाधानासाठीं लावावा. मात्र लेपामुळें सुईची तारीख पुढें ढकलूं नये. आणि एक वही करावी: तपासणीची तारीख, गांठीची लांबी-रुंदी-जाडी मिलिमीटरांत, टी. एस. एच. चा आंकडा, अहवालाचा वर्ग. दोन वर्षांनीं गांठ वाढली कीं नाहीं हें ठरविण्यास त्या वहीचा जेवढा उपयोग होतो तेवढा कोणाच्या स्मरणशक्तीचा होत नाहीं.

भावजयीची दुसरी सुई दिवाळीनंतर झाली. गांठ अठरा मिलिमीटर, वर्ग दुसरा. 

परंतु लग्नाचें राहिलें. पहिल्या अहवालानंतरच आम्हीं ठरविलें होतें कीं, सांगलीच्या मंडळींस सर्व खरें सांगावें. मीं स्वतः पत्र लिहिलें: मुलीच्या आईच्या गळ्यांत गांठ आढळली आहे, परीक्षा चालू आहे, निष्कर्ष कळवूं. तिकडून उत्तर आलें नाहीं. दुसरा अहवाल चांगला आल्याचेंहि कळविलें. उत्तर आलें नाहीं. मार्गशीर्षांत तिसऱ्याच माणसाकडून समजलें कीं, त्यांनीं दुसरीकडे पाहण्यास आरंभ केला आहे. कारण गांठच होती कीं दुसरें कांहीं, हें त्यांनीं सांगितलें नाहीं आणि आम्हींहि विचारलें नाहीं.

भावजयीनें तें सर्व आपल्यावर घेतलें. “अण्णा, माझ्यामुळें झालें हें. गप्प बसलें असतें तर बरें होतें,” असें ती मला म्हणाली. मला उत्तर सुचेना. उत्तर दिलें तें मुलीनें. ती तेथेंच भाजी निवडीत बसली होती. मान वर न करतांच ती म्हणाली, “आई, ज्या घरांत दुखणें बोलतां येत नाहीं, तेथें मला दुखणें आल्यावर मीं कोणाला सांगायचें होतें? तीन महिने तूं कोणाला सांगितलेंस?”

त्यावर कोणीच कांहीं बोललें नाहीं. मीं मात्र तेव्हांपासून विचार करीत आहें. ती गांठ तीन महिने लपली ती सांगलीच्या लोकांपासून नव्हे, आमच्यापासून. एका घरांत राहून, रोज एका पंगतीस जेवून, आम्हीं आपल्या सुनेला एवढा विश्वास दिला नव्हता कीं तिनें पहिल्या दिवशीं येऊन सांगावें, “वहिनी, येथें हात लावून पाहा बरें.” गांठ निरुपद्रवी निघाली हें दैव, दहांतली असती तर ते तीन महिने कोणाच्या खात्यावर मांडावयाचे होते?

आतां स्वयंपाकघराच्या भिंतीवरील दिनदर्शिकेंत पुढल्या वर्षीच्या तपासणीची खूण करावयाची आहे. आमच्याकडे माघापासून कृष्णाबाईचा उत्सव चालतो, त्या गर्दींत तारीख विसरेल, म्हणून ती आधींची धरली आहे. ती खूण नव्या दिनदर्शिकेवर मीं करणार होतों. भावजय म्हणाली, “राहूं द्या अण्णा, मीच करतें,” आणि सर्वांना दिसेल अशी, मोठ्या अक्षरांत, तिनें ती केली आहे.